अर्ध्या सेकंदाची ढिलाई

बर्फावर सात माणसं होती.

प्रशिक्षक वेंदेलिनने गोलरक्षकाला सोडून पुन्हा मोजली. पाच हवीत, होती सात. पंचाचा हात वर गेला, शिट्टी झाली, आणि पलीकडच्या बाकावर कुणीतरी खूश होऊन कठड्यावर काठी बडवली. आइस हॉकीत जास्तीची माणसं उतरवल्याची शिक्षा दोन मिनिटांची असते. तेवढा वेळ पाचाऐवजी चौघांनी लढायचं. सामन्याची सव्वादोन मिनिटं उरली होती आणि दोन-दोन अशी बरोबरी होती.

"कुणी मारली उडी?" त्याने विचारलं.

बाकावरचे सगळे समोर पाहत राहिले. टोकाला रूदो, त्याचा मदतनीस, एका खेळाडूच्या फाटलेल्या ओठावर कापूस दाबून बसला होता. त्याने मान वर केली, बर्फाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

चौघं जीव तोडून लढले. चाळीस सेकंद उरले असताना चकती गोलरक्षकाच्या काखेखालून आत गेली. तीन-दोन. लीगमध्ये टिकून राहण्यासाठीच्या सात सामन्यांच्या या मालिकेत दोन्ही संघांचे आता तीन-तीन विजय झाले होते. शनिवारी जो हरेल तो खालच्या लीगमध्ये जाणार होता, आणि खालच्या लीगच्या संघासाठी नगरपालिका हॉलचा बर्फ फार दिवस गोठवून ठेवणार नाही, हे हॉलमधल्या चहावालीलाही ठाऊक होतं.

वेंदेलिन स्वतः एकोणीस वर्षं बचावाला खेळला. बरीचशी इथेच, कागद गिरणीच्या या संघात, मधली चार ब्रातिस्लावाला, आणि देशाकडून सहा सामने. एकोणीस वर्षांत त्याच्या नावावर गोल एकवीस. अडवले किती, ते कुणी लिहून ठेवत नाही. बचावाला खेळणाऱ्याचा जन्म उलटं घसरत जाण्यात जातो. पाठ आपल्या गोलकडे, तोंड येणाऱ्याकडे, आणि चकती आली की मध्ये घालायला जे अंग सापडेल ते. दात कोणते कुठल्या गावात गेले हे त्याला पाठ होतं. डोक्याला किती वेळा लागलं याचा हिशेब मात्र नव्हता. कानशिलावर बसलं की मालिशवाला नाकाखाली अमोनियाची कुपी धरायचा, डोळ्यांसमोर बोटं नाचवायचा आणि विचारायचा, किती? दोन म्हटलं की माणूस परत बर्फावर. बोटं नेहमी दोनच असतात, हे सगळ्या लीगला माहीत होतं.

गेल्या शरदात बिस्त्रित्साच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. त्याला दोन आठवले. बाहेर येऊन त्याने बायकोला, झोफियाला, सांगितलं की एवढा मोसम संपू दे, मग मी घरी बसतो. झोफिया मोटारीच्या काचेवरचं दव पुसत होती. ती म्हणाली, "तुझा मोसम मार्चमध्ये संपेल. माझा आता सुरू होतोय."  संघात कुणाला काही कळू द्यायचं नाही एवढं मात्र तिने कबूल केलं, आणि ते पाळलं.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत आल्यावर सगळे आपापल्या जागी बसले. कुणी बुटांच्या नाडीला हात लावला नाही. हा दंडक वेंदेलिननेच घातलेला, सोळा वर्षांपूर्वी. खाल्लेल्या प्रत्येक गोलला धनी हवा. ज्याची चूक त्याने आपण होऊन "माझा" म्हणायचं, मास्तरांनी बोट दाखवायच्या आत. म्हटलं की विषय संपला. पुन्हा कुणी त्यावरून टोमणा मारायचा नाही. पहिले दोन गोल पटकन मिटले. पहिला शिमोनने घेतला. दुसरा कामिलने घेतला आणि वर म्हणाला, त्या गोलचं बारसंही मीच करतो, इतका तो माझा आहे. थोडं हसू झालं. तिसरा मात्र कुणी घेईना.

वेंदेलिन वाट पाहत उभा राहिला. नळ ठिबकत होता.

"माझा," कोपऱ्यातून तिबोर म्हणाला. "मी घाईने उतरलो."

"नाही," रूदो म्हणाला. "माझा आहे तो. मी त्या टोकाला अडकलो होतो. मी बघितलंच नाही."

वेंदेलिन त्याच्याकडे वळला. रूदो अठरा वर्षांचा असताना या संघात आला तेव्हा वेंदेलिन कर्णधार होता. तेव्हापासून तो त्याला खोटं बोलताना ओळखत होता. आत्ता तो खोटं बोलत नव्हता.

"तू काय बघायला हवं होतंस, रूदो?"

रूदोने हातातल्या कापसाची गोळी केली. 

आणि मग वेंदेलिनला सगळा हिवाळा दिसला. बाकामागे उभं राहून तो पुढच्या जोडीच्या खांद्यावर थाप मारायचा. थाप पडली की कठड्यावरून उडी, हा नियम. आणि हे लोक उडी मारायच्या आधी घुटमळायचे. अर्धाच सेकंद, पण घुटमळायचे. नोव्हेंबरपासून तो त्यावरून त्यांना फाडून खात होता. मी थाप मारली की विचार करायला तुम्हाला कोणी बोलावलंय? माझी झोफिया भाकरी भाजतानाही तुमच्यापेक्षा लवकर वळते. ते खाली मान घालून ऐकायचे आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तीच ढिलाई. त्या अर्ध्या सेकंदात ते कुठे बघतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ते रूदोकडे बघत होते. रूदोने मान हलवली की उडी. नाही हलवली तर थाप पडलेला माणूस तसाच बसून राहायचा आणि दुसराच उठायचा. आज रूदोची मान एका फाटक्या ओठावर वाकलेली होती, आणि वेंदेलिनने एका जोडीला थाप मारून, ती विसरून, दुसऱ्या जोडीला मारली होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"नाताळच्या बऱ्याच आधीपासून," रूदो म्हणाला. "ठरवून असं कुणी केलं नाही रे, वेन्दो. होत गेलं."

चार महिने. त्यांनी त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि एकानेही तोंडातून काढलं नव्हतं की मास्तर, आम्ही तुमच्यासाठीच थांबतो.

शनिवारी रूदो पुन्हा बाकाच्या मध्यावर उभा राहील, असं त्यांनी मनात ठरवलं असणार. जमलंही असतं बहुतेक. वेंदेलिनने त्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याला उमगलं की त्याने नुसतं गप्प बसायचं आहे. एक आठवडा. तिबोरचं "माझा" चालवून घ्यायचं, विषय संपेल, दंडकच तसा आहे. आणि शनिवारी असाच एखादा ओठ फाटला तर?

"गोल माझा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"म्हटलं ना. आता बूट काढा, आंघोळी करा. शनिवारी बाकामागे रूदो. मी झोफियाबरोबर वर बसेन, तिला अजून नियम कळत नाहीत."

झोफियाला नियम त्याच्याइतके कळतात हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी हसलं नाही. एकेक जण उठून नळांकडे गेला. जाताना कामिलने त्याच्या कोपराला नुसता हात लावला.

वेंदेलिन म्हणाला, "रूदो, वही काढ. आत्ताच सांगतो. उद्या विचारशील तर हाताशी असेल की नाही, देव जाणे."

रिकाम्या झालेल्या जागांसमोरून तो सावकाश चालत गेला आणि प्रत्येक जागेपाशी थांबून बोलला. शिमोनला चारचौघांत रागावू नकोस, त्याचा बाप रागवायचा. बाजूला घेऊन सांगितलंस तर भिंत होऊन उभा राहील. कामिलचा डावा गुडघा. तो सांगणार नाही. जिना उतरताना बघ, कठडा धरला की त्या दिवशी कमी खेळव. रूदो भराभर लिहीत होता. वेंदेलिनला स्वतःलाच नवल वाटत होतं, सगळं स्वच्छ सापडत होतं.

कोपऱ्यातल्या जागेवर माणूस अजून बसलेला होता. नाडीची गाठ बर्फाच्या पाण्याने घट्ट झाली होती, ती तो सोडवत होता. वेंदेलिन त्याच्यासमोर थांबला.

लाकडाच्या वखारीत कामाला जातो. झ्वोलेनच्या सामन्यात याची भुवई फुटली तेव्हा त्यावर फडकं वेंदेलिननेच धरलं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये झोफियाने विणलेलं पिवळं टोपडं घेऊन तो याच्याच पोरीला बघायला सूतिकागृहात गेला होता. सगळं होतं. नाव जिथे असायला हवं होतं तिथे, नुकताच यंत्र फिरवलेला बर्फ असतो तसं, गुळगुळीत कोरं.

रूदोचं पेन थांबलं. सांगायला त्याने तोंड उघडलं, पण खाली बसलेल्या माणसाने त्याच्याकडे पाहून मान हलवली. नको. थांब.

ते थांबले. नळांचं पाणी पडत होतं.

"अमाल्काचा बाबा," वेंदेलिन म्हणाला. "रात्रभर पोरीला घेऊन येरझारा घालतो आणि सकाळी कामावर जातो. शेवटच्या दहा मिनिटांत याचे पाय जड होतात. बोलणार नाही. तुला दिसलं पाहिजे."

"दात येतायत तिला, मास्तर," तिबोर खाली बघत म्हणाला. "म्हणून."

"मग शनिवारी याला दोन फेऱ्या कमी दे. लिहिलंस?"

"लिहिलं," रूदो म्हणाला आणि वही त्याच्यापुढे धरली.

वेंदेलिनने चष्मा वर करून वाचलं. शिमोनच्या आणि कामिलच्या नावाखाली, त्यांच्याच रांगेत, रूदोने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, अमाल्काचा बाबा, आणि पुढे सगळं, तो जसं बोलला होता तसंच.