शेंदराखालच्या गोगलगायी

“माणूस माकडापासून झाला, तं मग देवीनं काय केलं?”

हा प्रश्न शितलनं सरांना भर वर्गात विचारायचा, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी माझ्याच ओट्यावर बसून लावली. फरहीननं हात पुढं केला. “विचारून दाखव, आठवडाभर चिंचा देते. आमची नानी बोलती, अल्ला ने मिट्टी से बनाया. तुमचे सर काय बोलतेत बघू!” शितलनं टाळी दिली ती एवढ्या जोरात, की लिंबावरचे होले भुर्रकन उडाले. त्या टाळीतून काय ओढवणार, ते त्या पोरींना ठाऊक नव्हतं. मला मात्र अंगावर कुठंतरी बारीक तडा गेल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, मी दगड आहे. जुना, म्हणजे किती जुना? ते विचारूच नका! आज कळमनुरीच्या रस्त्याला जिथं कापूस डोलतो, तिथं एकेकाळी तळं होतं. त्या तळ्याचा चिखल म्हणजे मी. माझ्यावरून गोगलगायी सावकाश फिरायच्या. मग एक दिवस जमीन फाटली. तापलेला लाल रस सरपटत आला आणि तळ्याचा शेवटचा घोट पिऊन गेला. चिखलाचा दगड झाला, गोगलगायी माझ्या पोटातच राहिल्या. मग नुसता अंधार.

बंजारा तांड्याची विहीर खोदताना सुरुंग उडाला आणि मी वर आलो. भगत खेमाच्या बापाला माझी ठेच लागली, रक्त आलं, आणि त्याच दिवशी विहिरीला पाणी लागलं. झालं! लोकांनी मला लिंबाखाली बसवलं, शेंदूर फासला आणि मरियामा म्हणून हात जोडले. तेव्हापासून मी दगड असून देवी आहे. बाळंतिणी लेकरं आणून माझ्यापुढं ठेवायच्या. लंगडी गुरं माझ्याभोवती फिरवायचे. दर होळीला तेल-शेंदराचा नवा थर चढायचा. थरावर थर चढून माझी लालबुंद खोळ झाली, आणि माझा खरा चेहरा कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. पुढं बोअर झाली, विहीर मागं पडली. मग होळी सोडली तर माझ्या ओट्यावर मिरच्या तेवढ्या वाळायच्या.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दोन-चार वर्षांनंतरची ही गोष्ट. नववीतल्या शितलनं प्रश्न विचारला. सर म्हणाले, “परीक्षेला येत नाही हे. बस खाली.” वर्ग हसला. पण गोष्टीला शेपूट फुटायला माकड लागत नाही. संध्याकाळपर्यंत तांड्यात झालं, “प्रेमदासची पोरगी देवीला खोटी म्हणून राहिली!”

त्यानंतर एका दुपारी वारा पडला. होले गप्प झाले. आणि माझी खोळ धप्पकन गळून ओट्यावर पडली.

एरवी खोळ पडली तर ती नदीत सोडतात, देवीला नवा शेंदूर लावतात. पण खेमा भगत वाकला आणि मागं सरकला. माझ्या उघड्या अंगावर वेटोळीच वेटोळी होती. “किडे! देवीच्या अंगात किडे पडले!” त्याचा आवाज चिरकला. “असली देवी ठेवू नये. होळीच्या दिवशी कयाधू नदीत सोडा. आन जिच्या जिभेनं हे झालं, तिची शाळा बंद करा. न्हाई तं तांड्यावर मरीची साथ फिरंल.”

शितलचा बाप प्रेमदास खाली बघत म्हणाला, “करतो बंद.”

दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या सोजराबाईची शेळी मेली, तिचंही खापर शितलवरच फुटलं. बोअरवर शितल आली की बाया घागरी उचलून चालू लागायच्या. हाक नाही, शिवी नाही. ते गप्प राहणं मला त्या लाल रसासारखंच वाटलं. हळूहळू सरपटत येणारं.

तशात भर उन्हात शितल आणि फरहीन माझ्याजवळ आल्या. शितलच्या मुठीत ओढ्यातला रिकामा शंख होता. तिनं तो माझ्या अंगाला लावला.

“अगं, हे किडे न्हाईत! गोगलगायीच हायेत! पण बघ, ओढ्यातली उजवीकडं वळती, ह्या डावीकडं.”

“मतलब? देवाची चूक झाली?”

“चूक काहून? तवाच्या तशा, आताच्या अशा.” शितल थांबली. मग तिचे डोळे लखलखले. “फरे, देवीनं एकदाच घडवून हात झटकले न्हाईत. ती अजून घडवून राहिली!”

“मग नानीची मिट्टी?”

“ती बी बराबर. चिखलातच तं निजल्यात ह्या!”

मित्रांनो, घडवणारा हात मी पाहिला नाही. खोटं कशाला सांगू? पण घडत होतं तेव्हा मी तिथं होतो. एवढी मोठी साक्ष माझ्या पोटात, आणि मला तोंड नाही!

होळीचा दिवस उजाडला. बैलगाडी जुंपलेली होती. प्रेमदासनं माझ्याभोवती दोर आवळला. शितलची आई पदराआड रडत होती. माणसं जमली होती. तेवढ्यात शितल आली, शेंदराची वाटी घेऊन.

“भगतकाका, किडे हायेत म्हणता ना? मग नख लावून बघा. रुततं का?”

खेमानं नख लावलं. रुतलं नाही. त्यानं हात मागं घेतला. “तरी बी... मरी आली तं?” तो पुटपुटला. गर्दीतून कुणीतरी “ओढा गाडीत!” म्हणून ओरडलं.

मित्रांनो, ज्याला पुजता त्याला शेंदूर जरूर लावा. पण आत काय आहे ते बघायला घाबरू नका, आणि बघणाऱ्या लेकराच्या हातातली पाटी हिसकावू नका. दोर माझ्या अंगाला काचत होता, तेव्हा एवढंच मला ओरडून सांगायचं होतं. माझ्या वाटचं शितल बोलली.

“याडी, बा,” ती आईबापाकडं वळली, “दोर सोडा. देवीला शेंदूर मीच लावणार, दर होळीला लावणार. पण गोगलगायींवर न्हाई, तळहाताएवढी जागा उघडीच ठेवणार. आन धुळवड झाली की मी शाळेत जाणार. तुमी सोबत आले तं बरं. न्हाई तं एकटी जाईन.”