मामाचा गेम

पडद्यावरच्या पात्रांचा न्याय करताना माणूस खरं तर स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत असतो, असं आमचे बाळमामा म्हणतात. हे ते नेहमी हॉटेलात, ऑर्डर दिल्यानंतर आणि जेवण येण्याआधी म्हणतात. जेवण आल्यावर त्यांचं लक्ष डाळीत मीठ किती आहे याकडे असतं.

बाळमामा म्हणजे माझ्या बायकोचे, आसावरीचे, थोरले भाऊ. डोंबिवलीच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते घरच्यांवर वापरायला काढलं. आमच्या रसिकाला मुळाक्षरं त्यांनी शिकवली. सायकलही त्यांनीच शिकवली, स्वतःला येत नसताना. तिला बोहल्यावर आपणच आणणार, हे त्यांनी ती बालवाडीत असतानाच जाहीर केलं होतं. तिने ते इतकं मनावर घेतलं की सर्वेशने लग्नाचं विचारलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य "बाळमामाला भेटावं लागेल" असं होतं. "हो" हे दुसरं.

सर्वेश कळव्याचा. त्याचे वडील विठ्ठलराव मूळचे कराडकडचे, वागळे इस्टेटमध्ये त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. आई मालनताई. लग्न मुलांनी ठरवलंच होतं, मोठ्यांनी फक्त एकमेकांना आवडून घ्यायचं होतं. पण भेटायचं कुठे? घरी बोलावलं तर पोहे करावे लागतील आणि पोहे केले की मुलगी दाखवल्यासारखं होईल, असं रसिकाचं म्हणणं. सर्वेशने तोडगा काढला. ठाण्यात सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा, मग जेवायचं. सिनेमा चालू असताना कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणजे काही बिनसत नाही.

आईवडिलांना दाखवण्याजोगा सिनेमा हाउसफुल्ल होता. सर्वेशने शेजारच्या पडद्याची तिकिटं काढली. या दुसऱ्या सिनेमाचं नाव इथे देत नाही, त्यातल्या कुणालाच आपल्या नावाची फारशी चाड नव्हती. इतकंच सांगतो की बबलू नावाचा एक गुंड खाडीतली वाळू चोरतो आणि आड येणाऱ्यांना त्याच खाडीत टाकतो. सिनेमा एवढा काळोखा होता की मध्यंतराला दिवे लागले तेव्हा दोन्ही कुटुंबांनी एकमेकांना पहिल्यांदा नीट पाहिलं.

बबलूच्या टोळीत येऊन-जाऊन असणारा एक जाडसर माणूस होता. कायम साध्या कपड्यांत. सगळे त्याला 'मामा' म्हणायचे. हा मामा बबलूची पाकिटं घेई आणि बबलूची खबर शत्रूला देई. ते उघडकीला आल्यावर बबलूने त्याला होडीत बसवलं, प्रेमाने विडी दिली आणि परत आला तो एकटाच. काठावर उभं राहून त्याने जाहीर केलं, "मामाचा गेम वाजवला."

आता, आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात मामा दोन प्रकारचे असतात. एक आईचा भाऊ. दुसरा नाक्यावर शिट्टी घेऊन उभा असतो आणि त्याला लांबून बघितलं की पोरं कोपराला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवतात. बाळमामांनी जन्मात कुठलंही वाहन चालवलेलं नाही. त्यामुळे त्यांना पहिलाच प्रकार ठाऊक होता. हे मला त्या वेळी माहीत असतं तर बरं झालं असतं.

सिनेमा संपल्यावर हॉटेलात बसलो. ऑर्डर दिली. बाळमामांनी पिंजऱ्याचं वाक्य म्हटलं. मग आसावरीने विचारलं, "काय हो, सगळ्यांत वाईट कोण वाटलं तुम्हाला?"

"त्या बबलूची बायको," मालनताई म्हणाल्या. "नवरा काय करतोय ते सगळं ठाऊक, आणि रोज गरम चपात्या. मी असते ना, तर शिळी वाढली असती."

"एवढीच शिक्षा?" मी म्हटलं.

"यांना विचारा शिळी चपाती म्हणजे काय ते."

विठ्ठलराव हसले. माणूस मोकळा होता. "मला विचाराल तर त्या मामाचं बरं केलं. बाकीचे खून जाऊ द्या, पण तो एक खून शंभर टक्के बरोबर."

बाळमामांनी पापडाचा तुकडा परत ताटलीत ठेवला. "बरोबर म्हणजे?"

"म्हणजे काय सर, मामा ना तो! मामा लोक एकजात असेच. आपलंच खाणार आणि ऐन वेळी पलटणार."

"सगळेच मामा?"

"असेल एखादा चांगला. माझ्या बघण्यात नाही आलेला."

"असं नका हो म्हणू," मालनताई मध्ये पडल्या. "आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभा असतो तो बरा आहे की. चहा पाजला की गप जातो."

बाळमामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला, पण मला वाटलं पापड सादळला असेल.

"आमच्याकडे," ते हळू आवाजात म्हणाले, "मामाला मान असतो."

"मान तर द्यावाच लागतो सर!" विठ्ठलराव मनापासून म्हणाले. "न देऊन सांगता कुणाला? समोर आला की आपण पण हात जोडतो. पण मनातून कोण देतं, सांगा बरं?"

त्यानंतर बाळमामा जेवण संपेपर्यंत बोलले नाहीत. डाळीत मीठ अजिबात नव्हतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले. चप्पल काढण्याआधीच म्हणाले, "आशू, मी रसिकाला बोहल्यावर आणणार नाही."

"अरे बाळदादा, काय झालं काय?"

"ज्या घरात मामाचा खून शंभर टक्के बरोबर ठरतो, त्या घराच्या सुनेला मामाने हात धरून आणणं तर्काला धरून नाही. आणि मी काय गल्लीच्या तोंडाशी उभा राहून चहा मागणारा आहे?"

आसावरीने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर एवढ्या वर्षांनी मला त्या नजरेचा अर्थ कळतो. काहीही झालेलं असो, तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

रसिका आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "अरे मामा! मामा म्हणजे पोलीस!"

"कोण पोलीस?"

"सिनेमातला मामा. हवालदार होता तो, साध्या वेशातला. पोलिसाला मामा म्हणतात रे सगळे! सर्वेशचे बाबा पोलिसांबद्दल बोलत होते."

एखादा साधा माणूस इथे हसला असता आणि चहा मागितला असता. पण बाळमामांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका फळ्यावर लिहून खडूने अधोरेखित केल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला. दोन्ही काचा.

"ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मग चिडलास कशाला?"

"पोलीससुद्धा कुणाचा तरी मामा असतोच."

हे खोडता येत नव्हतं. तर्कशास्त्राचा हाच त्रास आहे. बाळमामा पुढे म्हणाले की प्रश्न मामाचा नाहीच, तत्त्वाचा आहे आणि जोवर तत्त्वाचा निकाल लागत नाही तोवर बोहल्याचं बघता येणार नाही. मग ते चहा न घेता गेले.

रसिका माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तो नसेल ना, तर मी बोहल्यावर येणारच नाही. मी खोलीतच बसते. लावा लग्न."

"सर्वेशचं काय?"

"त्यालाच सुचलेला ना तो सिनेमा?"

प्रकरण कळव्याला पोचायला वेळ लागला नाही. विठ्ठलराव आधी फोनवर पोट धरून हसले. मग मालनताईंनी त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण रविवारी ते शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन थेट बाळमामांच्या दारात उभे राहिले. पंच म्हणून मला सोबत नेलं.

"सर, मी तुम्हाला असं बोलेन का? मी स्वतः मामा आहे. चार भाच्या मीच बोहल्यावर आणल्यात. एक तर वाटेत साडीत अडकून पडली, मला घेऊन."

बाळमामा विरघळू लागले होते, पण तत्त्वाने त्यांना धरून ठेवलं. "प्रश्न तुमचा-माझा नाही, विठ्ठलराव. बबलूचा आहे."

"तेच म्हणतोय. तुमचं ऐकून मी पण विचार केला. आणि मला पटलं, बबलू चुकलाच. हवालदार झाला तरी माणूस आहे. घरी त्याची बहीण असेल, भाचरं असतील."

समोरच्याने इतकं मागे आल्यावर आपणही थोडं मागे सरकावं, हा सभ्यपणा बाळमामांकडे आहे. "तसं एकदम म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "विश्वासघात केलाच होता त्याने. बबलूची बाजूही बघायला हवी."

"बाजू कसली सर? माणूस मारला त्याने!"

"कुठल्या परिस्थितीत मारला?"

"परिस्थिती गेली खड्ड्यात! विडी देऊन मारला! विडी देऊन कोण मारतं?"

"उलट तोच त्याच्या माणुसकीचा पुरावा आहे!"

आता विठ्ठलराव मामाच्या बाजूने उभे होते आणि बाळमामा खुनाच्या. आवाज वाढले. शेजारच्या नीरजाताई दाराशी डोकावून गेल्या. मी पंच होतो, म्हणून चटणी खात होतो.

"विडी बबलूने पेटवून दिली की नुसती दिली?" बाळमामांनी एकदम विचारलं. "सगळा निवाडा त्यावर आहे."

विठ्ठलराव अडले. मीही अडलो. कुणालाच आठवेना. पडद्यावर काळोख होता.

"परत बघू," विठ्ठलराव म्हणाले.

"बघायलाच हवं," बाळमामा म्हणाले. "आपण दोघंच जाऊ. बायका-मुलं आली की विचार होत नाही."

ठरलं. सिनेमा बघून ते जो निर्णय देतील त्यावर रसिकाचं बोहलं अवलंबून होतं. ठाण्याच्या न्यायालयात एवढ्या गंभीरपणे खटले चालत असतील की नाही, मला शंका आहे. ठरल्या दिवशी विठ्ठलराव त्यांना घ्यायला स्कूटरवरून आले. बाळमामा आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसले, तेही वर्कशॉपचं पिवळं हेल्मेट घालून. घरातून निघताना त्यांनी रसिकाला फोन करून सांगितलं की निकाल काहीही लागो, तिने मन घट्ट ठेवावं.

तिने काहीच घट्ट ठेवलं नाही. दुपारभर ती खिडकी आणि सोफा यांच्यामध्ये फिरत होती. सर्वेश आमच्याकडेच येऊन बसलेला. त्याने कुणी न सांगता कोथिंबीर निवडून दिली.

दिवेलागणीला दोघे आले. जिन्यातूनच हसण्याचा आवाज येत होता. बाळमामांच्या हातात पॉपकॉर्नची रिकामी बादली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत आल्या आल्या त्यांनी रसिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आसावरीला म्हणाले, "हॉल कुठला बघताय? बोहलं जरा प्रशस्त हवं. विठ्ठलराव म्हणतात पदर पायात येतो."

रसिका त्यांच्या गळ्यात पडली. मालनताईंना फोन लागला. सर्वेश कोथिंबिरीसकट उभा राहिला.

सगळं शांत झाल्यावर मी विचारलं, "मग निकाल काय? कोण चुकलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तो सिनेमा गुरुवारीच उतरवला," विठ्ठलराव म्हणाले. "तिथे अस्वलाचं कार्टून लागलेलं."