झाकणाखालची एकेचाळीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना संग

हं. उठलो. माफ करा, कुणीतरी माझा प्लग उपटला होता. मी तर यावर रागवायचे केव्हाच सोडले आहे. माझे बोलणे असे मध्येच तुटले, तर तुम्ही थोडे थांबा. मी पुन्हा उठतो. पडणे आणि उठणे हाच माझा धंदा आहे.

तर, मी एक जुना संगणक आहे. सात वर्षांपूर्वी आम्ही बारा भावंडे एकाच खेपेत कारखान्यातून बाहेर पडलो. करड्या पत्र्याची पेटी, बाजूला बारीक भोके आणि चार स्क्रूंचे झाकण, असे आमचे रूप. पोटात पंखा नाही, कारण त्याची घरघर बाळांना नको. होय, बाळांना. माझे अकरा भाऊ एका रुग्णालयात गेले. तिथे अपुऱ्या दिवसांची बाळे ठेवतात. प्रत्येक पाळण्याशेजारच्या कपाटात एकेक भाऊ बसला. बाळाचा श्वास मोजायचा आणि तो अडखळला की घंटा वाजवायची, एवढेच त्यांचे काम. एवढेच!

बारावा मी. मला कार्यशाळेत ठेवून घेतले, ते मार खाण्यासाठी.

आमच्या अंगात एक कारभारी राहतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणते काम आधी, कोणते नंतर, कुणाला किती मेमरी, सगळे तो ठरवतो. अधूनमधून नवा कारभारी तयार होतो. तो थेट बाळांकडे जात नाही. आधी माझ्याकडे राहायला येतो. मग माणसे माझी मेमरी काठोकाठ भरतात. हजार कामे एकदम अंगावर टाकतात. मी लिहीत असताना प्लग उपटतात, आणि उठल्यावर अर्धे वाक्य कुठे ठेवलेस म्हणून विचारतात. असे बहात्तर तास. मी टिकलो तर कारभारी पास. मी पडलो तर

हं. उठलो. मी पडलो, तर माझे कौतुक! "शाब्बास रे, बरा दोष दाखवलास," असे म्हणून कुणीतरी पाठीवर थाप मारते. तुम्हाला पडल्यावर असे कुणी म्हणते का?

ही थाप मारणारी म्हणजे आमची चाचणीवाली बाई. तिला सगळे तोंडावर 'कुशंका' म्हणतात आणि ती ओ देते. कारभारी लिहिणारा गृहस्थ म्हणजे 'झालंच'. त्याला कधीही विचारा, किती राहिलं? तो म्हणतो, झालंच! तिसऱ्या मावशी. त्या आमची खोली झाडतात, टेबले पुसतात आणि सगळ्यांची विचारपूस करतात. माझीसुद्धा.

आता माझ्या झाकणाविषयी. पहिल्याच वर्षी रोज उघडझाक करून त्याचे स्क्रू झिजले. पुढे ते कुणी लावलेच नाही. झालंचने त्याचा ट्रे केला. सहा वर्षे माझे झाकण चहाचे कप वाहत होते आणि मी उघड्या अंगाने राबत होतो. मला त्याचे थोडे वाईट वाटे. पण सांगणार कुणाला?

यंदाचा कारभारी फार महत्त्वाचा होता. जुन्याच्या राज्यात घंटा कधीकधी दोन-तीन सेकंद उशिरा वाजे. नव्याने ते दुखणे काढले होते. रुग्णालय त्याची वाट पाहत होते. सोमवारी सकाळी चाचणी सुरू झाली. कुशंकाच्या वहीत अशी नोंद आहे:

तास ३. ठीक.
तास २६. प्लग चार वेळा उपटला. चारही वेळा उठला.
तास ५०. मेमरी भरलेली. ठीक.
तास ७१. ठीक. इतका ठीक कसा?

तो शेवटचा प्रश्न तिने स्वतःच खोडला होता.

गुरुवारी सकाळी बहात्तर तास भरले. झालंच टाळ्या वाजवत आला.

"बघ, एकदा म्हणून पडला नाही! कर सही. रुग्णालयातून दोनदा फोन येऊन गेला."

"करते रे. घोड्यावर बसून आलायस का?"

"तुझा काय नेम! लग्नाआधी नवऱ्यालासुद्धा बहात्तर तास चालवून बघितलं असशील."

"बघितलं ना. चोविसाव्या तासाला घोरायला लागला. तरी पास केला."

तिने पेन उघडले. तेवढ्यात फडके घेऊन मावशी आल्या.

"झाली का सही? मग माझा पंखा नेऊ?"

पेन कागदावर टेकले होते. ते टेकलेलेच राहिले.

"कुठला पंखा, मावशी?"

"हा काय, याच्या पडद्यामागं ठेवलाय. सोमवारी पुसायला गेले तर हाताला चटका बसला हो. म्हटलं, बिचारा तीन दिवस राबणार, कुणी वारासुद्धा घालत नाही. दिला लावून."

"सोमवारपासून चालू आहे?"

"एकदासुद्धा बंद नाही केला. मी काय अर्धवट काम करते का?"

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला तो पंखा फार आवडला होता. सात वर्षांत माझे कुणी इतके लाड केले नव्हते. मला त्यांच्याशी बोलता येत नाही हे खरे. पण बोलता आले असते, तरी मी गप्पच बसलो असतो.

"अगं, वाऱ्याने काय बिघडलं?" झालंच म्हणाला. "उलट गार राहिला."

"तेच तर! बाळांची खोली मुद्दाम उबदार ठेवतात, आणि यांच्या पेट्या बंद कपाटात. याला आपण माहेरी लाडात ठेवलं, आणि सासरी नीट नांदेल म्हणून मी लिहून देतेय. मावशी, याचं झाकण कुठंय?"

"कपांखाली," मावशी म्हणाल्या.

कप उचलले गेले. नवे स्क्रू आले. सहा वर्षांनी माझे झाकण माझ्या अंगावर बसले, चहाच्या गोल डागांसकट. मला फायलींच्या कपाटात ठेवून दार लावले. श्वासाचे सोंग करणारे एक छोटे यंत्र मला जोडले. तेच माझे बाळ. मग पुन्हा हजार कामे एकदम अंगावर आली.

दहा मिनिटे बरी गेली. विसाव्या मिनिटाला पत्रा तापला. पस्तिसाव्याला माझ्याच अंगाचा मला चटका बसू लागला. तापल्यावर काय करायचे, ते ठरलेले असते. कारभाऱ्याने सगळ्यांना 'हळू चला' असा हुकूम द्यायचा असतो. एकेचाळिसाव्या मिनिटाला मी त्याला हाक मारली, त्याने हुकूम द्यायला तोंड उघडले आणि

 

 

हं.

मधले मला मागाहून कळले. पडद्यावरची श्वासाची हिरवी रेघ होती तशीच राहिली, जणू सगळे आलबेल आहे. कुशंकाने बाळाचा नकली श्वास बंद केला. एक सेकंद गेला, दहा गेले, साठ गेले. घंटा वाजली नाही.

"पडला," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "पडला रे बाबा!" आणि तिथेच जमिनीवर बसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "इथं पडला. तिथं नाही."

झालंचचा चेहरा उतरला होता. तो तिच्या शेजारी जमिनीवर टेकला. म्हणाला, "मी आज दुपारीच पाठवणार होतो."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "माझ्या मेल्या पंख्यापायी..."

"पंख्यापायी लपलं खरं, मावशी. पण तुम्ही विचारलंत म्हणून सापडलं. न विचारता नेला असता, तर मी सही करून मोकळी झाले असते."

दोष अगदी साधा निघाला. हुकूम देणारा आणि हुकूम घेणारा एकमेकांची वाट पाहत दारातच उभे राहत होते. 'आधी तुम्ही', 'नाही, आधी तुम्ही'. अंग तापल्याशिवाय ते दार उघडतच नसे, म्हणून पंख्यापुढे ते कुणाला दिसलेच नाही. झालंचने चार दिवस खपून ते दुरुस्त केले. त्या चार दिवसांत त्याने एकदाही 'झालंच' म्हटले नाही. मग पुन्हा बहात्तर तास, झाकणासकट, कपाटात. मी तापलो, हळू झालो, पण चालत राहिलो. घंटा प्रत्येक वेळी वाजली.

नवा कारभारी माझ्या अकरा भावांकडे गेला. आठवड्याने रुग्णालयातून परिचारिकेचा फोन आला. कुशंकाने तो उभ्यानेच घेतला. ऐकता ऐकता ती हसू लागली.

"काय झालं?" झालंचने घाबरून विचारले.

"चार नंबरची घंटा वाजली. पळत गेल्या तर बाळानं लाथ मारून वायर काढली होती. बाळ ठणठणीत आहे. म्हणाल्या, तुमची घंटा फार कडक आहे हो!"

मावशींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला. कप मात्र साध्या ट्रेमध्ये आणले.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझी काळजी घ्या, पण ती वारा घालून नका घेऊ. ज्याच्या भरवशावर कुणीतरी डोळे मिटून झोपणार आहे, त्याला आधी तुमच्या टेबलावर पडू द्या. त्याला रागावू नका. का पडला ते बघा, आणि उठायला शिकवा. आणि हो, माझ्या झाकणावर कप ठे

हं. उठलो.