सहा नंबरची डिस्क

"मुलं किती?" असं कुणी विचारलं की सिऊ होंग म्हणायची, "दोन घरी, पाच पेटीत." पेटी म्हणजे पेनांगच्या बाहुलीमंडळाच्या वरच्या खोलीतली डिस्कची पेटी. स्क्रू पिळण्यापासून सगळं तिनं स्वतःच्या हातानं जमवलेलं. आत पाच डिस्क, आणि सगळा ऐवज पाचजणींत असा वाटलेला की एखादी मेली तरी उरलेल्या चौघी मिळून तिचा वाटा पुन्हा उभा करणार. पण एकीपुरतंच हं! ती भरून येईपर्यंत दुसरी गेली, की कारभार आटोपला.

ऐवज म्हणजे ग्योक लियान म्हातारीचा आवाज. साठ वर्षं तिनं हातांत बाहुल्या घालून राजे, राण्या, चोर, विदूषक सगळे एकटीनं गायले. या वर्षाच्या सुरुवातीला तिनं हट्टानं तीन खेळ ध्वनिमुद्रित करून घेतले आणि पुढच्याच महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारले, वाचा गेली ती गेलीच. जुन्या खेळांची दुसरी प्रत इपोहला सिऊ होंगच्या बहिणीकडे होती. या तीन खेळांची नव्हती. "पुढच्या आठवड्यात काढते," असं सिऊ होंग दर आठवड्याला म्हणत होती. आपण सगळेच म्हणतो.

भाचीचं लग्न उरकून सिऊ होंग आठ दिवसांनी परतली, तर जिन्यातच तिला पेटीचं किंचाळणं ऐकू आलं. वर ग्योक लियान तिच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत, विदूषकाची बाहुली हातात घालून बसलेली. तिचा गुरुवार कधी चुकायचा नाही. शेजारी मंडळाचे चिटणीस बून तेक, सगळ्यांचे 'आ-पेक' म्हणजे काका, काळी कॉफी भुरकत होते.

"सकाळपासून बोंबलतेय तुझी लेक," ते म्हणाले. "मी हात लावलेला नाही, आधीच सांगून ठेवतो."

"हात नाही लावलात? मग हे लाल कागद कुणी डकवले, आ-पेक?"

पेटीच्या पाचही खणांवर लाल कागद होते, त्यांवर सोनेरी शाईनं घोटून काढलेले आकडे. बून तेकांची छाती फुगली. "परवा देवाचा वाढदिवस. साफसफाई केली. तुझ्या त्या पांढऱ्या चिठ्ठ्या म्हणजे मयताच्या घरासारख्या दिसत होत्या, होंग."

"आणि कुठली आजारी ते दाखवणारे खालचे दिवे झाकले त्याचं काय?"

"दिव्यांचं काय एवढं? आकडे बघ ना, किती देखणे आलेत!"

म्हाताऱ्यांशी कोण वाद घालणार? तिनं संगणकाचा पडदा चालू केला. पाचव्या खणातली डिस्क निकामी. नशीब, एकच होती. नवी डिस्क कपाटात तयारच होती. मेलेली काढायची, नवी घालायची, उद्यापर्यंत सगळं भरून येईल. तिनं पाच नंबरच्या कागदाखालची कडी धरली.

तेवढ्यात ग्योक लियानच्या घशातून काहीतरी फुटलं. शब्द नव्हता तो. म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली होती, आणि विदूषकानं आपल्या दोन इवल्याशा लाकडी हातांनी सिऊ होंगचं बोट घट्ट पकडलं होतं.

"आ-मा, थांबा ना! खेळ मग करू."

विदूषकानं मान हलवली. बोट सोडलं, पहिल्या खणाशी गेला आणि टक्कन डोकं आपटलं. मग दुसऱ्याशी. मग तिसऱ्याशी. चौथ्याशी पोचला तेव्हा त्याच्या नाकासमोर सोनेरी पाच होता. तिथून तो पाचव्या खणाकडे सरकला आणि तिथल्या सोनेरी सहावर तीनदा डोकं आपटून धाडकन उताणा पडला.

सिऊ होंगनं चटकन कडीवरचा हात काढला. एक, दोन, तीन, पाच, सहा! चौघींतली एक धडधाकट लेक ती आपल्या हातानं ओढून काढणार होती. आणि तिला कळू नये? तिच्या स्वतःच्या इमारतीत तिसऱ्यावर थेट पाचवा मजला. जन्मभर त्याच लिफ्टनं वर जाणारी बाई!

"आ-पेक! चार कुठाय?"

"शुभ घरात चार कशाला ठेवायचा? आपल्या बोलीत चार म्हटलं की मरणच ऐकू येतं!" बून तेकांना प्रश्नच समजेना. "ही बया तेव्हाही माझ्या अंगावर बाहुली उगारत होती. मला वाटलं, रंग आवडला नाही."

"अहो, आत्ता सगळं गेलं असतं! आ-मांचे तिन्ही खेळ!"

बून तेकांनी कप खाली ठेवला. "तरी बघ," ते हळूच म्हणाले, "चार नव्हताच म्हणून चार गेला नाही." सिऊ होंगनं डोळे वटारले, तसे ते मुकाट्यानं कागद सोलायला लागले.

शुक्रवारी दुपारी पडद्यावर पाचही हिरव्या झाल्या आणि सिऊ होंगचा जीव भांड्यात पडला. तिनं म्हातारीला मुद्दाम बोलावून घेतलं, तिसरा खेळ लावला. राजा गायला, राणी रडली, चोर पळाला, आणि ग्योक लियानचा हात विदूषकासकट प्रत्येक ठेक्याला नेमका उठत होता. खेळ संपला. सिऊ होंग बंद करायला वाकली, तर आतून आणखी आवाज आला. गाण्याचा नव्हे, ग्योक लियानचा रोजचा, घोगरा, करवादलेला.

"झालं ना? बंद कर आता ते, होंग. आणि काहीतरी खायला आण गं, मेले मी भुकेनं."

मग ग्योक लियान हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि विदूषकानं सिऊ होंगला जिन्याकडे बोट दाखवलं.

"आणते, आ-मा," सिऊ होंग डोळे पुसत म्हणाली. पण आधी तिनं इपोहसाठीच्या डिस्कवर तिन्ही खेळांची प्रत लावली, आणि मगच नूडल्स आणायला खाली उतरली.