संत्र्याच्या बारा पेट्या

"हे पेटी नका घेऊ ताई. हिचं बूड कच्चं हाय."

नानाजीनं माझ्या हातातली पेटी काढून घेतली, उलटी केली आणि खालच्या फळीवर अंगठा दाबला. फळी करकरली. "पाहा. चार भांडे टाकसान अन् तळ रस्त्यावर."

मला राग आला, आणि त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच आला. बावीस वर्षं मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. लोकांची बांधणी नापास करणं हे माझं काम. शिवण ओढून बघायची, लाखेचा शिक्का बघायचा, पार्सल कानाजवळ धरून हलवायचं. आत काही वाजलं की परत. हा नानाजी दर हिवाळ्यात जबलपूरच्या लेकीला संत्र्याची बर्फी पाठवायचा, आणि एका वर्षी मी त्याला एकाच पार्सलसाठी तीनदा घरी पिटाळलं होतं. संत्रा मार्केटमधे त्याचं पेट्यांचं दुकान आहे हे मला माहीत होतं, पण त्याच्याकडे जायची पाळी माझ्यावर येईल असं दोघांनाही वाटलं नसणार. आज तो खिडकीच्या आत होता आणि मी बाहेर. मजा घेत होता बेटा.

"किती पायजेत?"

"बारा."

"बारा! दुकान काढून राहिल्या का?"

"घर."

त्यानं मग मस्करी थांबवली. आतून पुठ्ठ्याची मोठी खोकी काढून दाखवली, बिस्किटांची, साबणाची. "घरासाठी हे न्या ताई. वरून झाकण लागते, सुतळी मारली का झालं. आपल्या लाकडी पेटीले चारी बाजूनं फटी. संत्र्याले हवा लागते म्हणून ठेवतो. सामान नेसान त सारं गाव पाहीन आत काय हाय ते."

"पाहू द्या. त्याच्यासाठीच घेऊन राहिली."

मग काही न विचारता एकेक पेटी ठोकून बघत त्यानं बारा बाजूला काढल्या. सुतळीचे दोन गुंडे, एक दाभण, आणि मी न मागता तणसाचा, म्हणजे भाताच्या वाळक्या काडाचा, एक भारा वर ठेवला. "भांड्यांच्या मधात कोंबा," म्हणाला, "वाजलं त तुमी पास करणार नाई."

हे सांगायला हवं की मला सामान का बांधायचं होतं. पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत हाउसिंग बोर्डाच्या सोडतीत माझा नंबर लागला. रघुजीनगरात एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, पुढे हातभर व्हरांडा. कागदावर नाव माझं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुठल्या तरी दारावर माझं नाव.

मी देवरावदादाकडे राहत होते. सोळाव्या वर्षी उमरेडला लग्न करून दिलं होतं, सतराव्या वर्षी परत आले. नवऱ्यानं दुसरी आणली होती, आणि ती आली त्याच दिवशी मी निघाले. मला कोणी टाकली नाही, मीच निघाले. हे लोकांना आजही नीट सांगावं लागतं. आमचं कोष्ट्यांचं, विणकरांचं घर, दादाचा माग चालायचा. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, कांड्या भरता भरता मॅट्रिक झाले आणि पोस्टात लागले. पुढे दादाचा माग बसला तो बसलाच. त्यानंतर चूल कोणाच्या पगारावर पेटली हे मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं. आता वाटतं.

बोर्डाचा कागद आला त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "तुले एकटीले कायले पायजे घर? रविंद्रच्या नावानं करून दे. त्याची बायको आली, आता लेकरं होतीन. तू राह्य ना इथंच, तुले कोण हाकलून राहिलं?"

रविंद्र म्हणजे दादाचा मुलगा. खाली मान घालून बसला होता. ते मला जास्त लागलं.

"दादा, अर्ज म्या केला. नंबर माह्या नावानं लागला," मी म्हटलं. "मी जाऊन राहिली."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायले घर पायजे असन त अर्ज करावा."

त्यानंतर घरात माझ्याशी कोणी बोलेना. पण दादाची बायको, कौसल्यावैनी, गल्लीत बोलत होत्या. विहिरीवर, दळणाच्या चक्कीवर. "पाहू आता, घरातलं काय काय उचलून नेते ते." सत्तावीस वर्षं मी ज्या घराला दिलं, त्या घरातून मी चोरून नेणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ठरवलं, झाकलेलं एकही खोकं नेणार नाही. फटीच्या पेट्या नेईन, आणि अंधारात नाही, रविवारी सकाळी दहा वाजता, सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असताना नेईन.

रविवारी अंगणात बाराही पेट्या ओळीनं मांडल्या. तळाला तणस अंथरलं. पहिलीत स्टोव्ह, कंदील आणि घड्याळ. दुसरीत पुस्तकं, चपला, आरसा. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी होती. ती उघडी टाकली, कुलूप लावलंच नाही. मग स्वयंपाकघरात गेले आणि मोजकीच भांडी आणली. भाताचं पातेलं म्हणून एक गंज, एक परात, पाण्याचा गुंड, दोन डबे, तांब्या. शंभर भांडी होती त्या घरात, आणि त्यातली ऐंशी तरी मी आणलेली.

मी गुंड पेटीत ठेवणार तेवढ्यात वैनी दारात आल्या.

"बाई, नाव वाचून ठेवा. कोणाचं कोणाकडं जाऊ नये."

आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. ज्याच्या नावानं भेट, भांडं त्याचं. लग्न मोडलं, भाऊ वेगळे झाले, तर पंचही तेच वाचतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

"वाच गा रविंद्र," वैनी म्हणाल्या. "माह्या डोळ्याले दिसत नाई."

रविंद्र पुढे आला. मागाच्या खड्ड्याच्या काठावर दादा बसला होता. माग विकून सहा वर्षं झाली तरी त्याची बसायची जागा तीच. आमच्या ओट्याशी शेजारची पार्वतीबाई, तिच्या सुना, सगळ्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. रविंद्रनं गुंड उचलला आणि खालच्या आवाजात वाचलं, "सौ. कौसल्या हिस सुभद्राकडून, दिवाळी, एकोणीसशे अठ्ठावन्न."

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं.

"आत्या..."

"वाच म्हणते ना!"

त्यानं परात घेतली. "श्री. देवराव यांस सुभद्राकडून, वास्तुशांत." मग गंज. "सौ. कौसल्या हिस सुभद्राकडून." डबे, दोन्ही. "चि. रविंद्र यास सुभद्राआत्याकडून, मुंज." तांब्या. "सौ. कौसल्या हिस..."

सगळ्या भांड्यांवर माझं नाव होतं. एकही सुटलं नव्हतं. पण सगळीकडे 'कडून'. पाठवणाऱ्याच्या जागी. बावीस वर्षं मी लोकांना खिडकीतून ओरडून सांगितलं होतं, "बाबा, डावीकडे पाठवणार, उजवीकडे घेणार, पार्सल ज्याच्या नावानं त्याचं!" आणि स्वतः एकदाही उजवीकडे आले नव्हते. कशी येणार? मला वाटायचं घर आपलंच आहे, आपल्या घरात आपणच आपल्याला कसली भेट द्यायची! मूर्ख बाई.

पार्वतीबाई म्हणाली, "जाऊ द्या ना वं कौसल्या, एखांदं नेऊ द्या. तिच्याच पैशाचं हाय ते सारं." वैनी दारातून हलल्या नाहीत. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या एका शब्दाची मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. तो खड्ड्यात बघत राहिला.

मी पेटीतलं एकेक भांडं काढलं आणि पदरानं पुसून वैनींच्या पायाशी ओळीनं मांडलं.

"मोजून घ्या वैनी. तणस लागलं असन त धुऊन घ्या."

मग रविंद्र आत गेला आणि एक वाटी घेऊन आला. पितळेची, कड झिजलेली. त्याच्या उष्टावणाला मी आणलेली, कांड्या भरून मिळालेल्या पहिल्या पैशातून. त्याच वाटीतून मी त्याला पेज भरवली होती, आणि त्याच वाटीवरचं 'र' दाखवून त्याला पहिलं अक्षर शिकवलं होतं. आज तीच अक्षरं त्यानं अख्ख्या गल्लीला वाचून दाखवली.

"हे तरी ने आत्या." त्याचे डोळे भरले होते.

माझा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता. मी तो मागे घेतला.

"नाव वाच."

"माहं हाय. म्हणून त मी देऊन राहिलो!"

"तू घेतलेलं पार्सल हाय ते, रविंद्र. एकदा घेतलं का परत येत नाई." मी वाटी त्याच्या मुठीत दाबली. "तुह्या लेकराले भरव त्याच्यात. अन् त्याले पहिलं अक्षर तूच शिकव. आत्याकडून हाय म्हणून सांग."

तो घरात निघून गेला. तोंडावर मी काही दिसू दिलं नाही. तेवढी सवय खिडकीनं लावली आहे.

श्रावण ठेलेवाला दारात हातठेला घेऊन उभा होता. ट्रंक, वळकटी आणि दोन भरलेल्या पेट्या चढवून त्यानं विचारलं, "बस?"

"त्या दहा पण चढव."

"रिकाम्या हायेत ना बाई त्या!"

"दिसते मले. चढव."

दादा तेव्हा पहिल्यांदा उठला. जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "रिकाम्या काहून नेतं वं सुभद्रे? लोकं हसतीन."

"हसू दे. या घरातून मी काय नेलं ते लोकायले दिसलं पायजे का नाई?" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "पाहून घ्या म्हणा. चारी बाजूनं पाहून घ्या!"

श्रावणनं रिकाम्या पेट्या एकावर एक रचून सुतळीनं आवळल्या. मी बाजूनं चालत निघाले. दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका होत्या आणि त्या खरंच बघत होत्या. माझ्या पेट्यांच्या फटींतून पलीकडच्या ओट्यावरच्या बायका दिसत असणार त्यांना. कोणी हसलं नाही. मी एकदाही मान खाली घातली नाही, आणि गल्लीच्या टोकाला मागे वळूनही पाहिलं नाही.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांशी मी ठेला थांबवला. एक स्टीलचा गंज घेतला, मध्यम, दोन माणसांचा भात होईल एवढा. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता. त्यानं गंज मांडीत घेतला आणि न बघताच विचारलं, "कोणाले द्याचा हाय?"

"सुभद्राले."

"लेक का? लग्न हाय?"

"मीच सुभद्रा."

त्यानं वर पाहिलं. "मंग कोणाकडून घालू?"

"कोणाकडून नाई."

"अवं बाई, भांड्यावर दोन नाव लागतेत. देणाऱ्याचं अन् घेणाऱ्याचं. नाहीतर अर्धी जागा रिकामी राह्यते."

"त्या जागेत पत्ता घाला. गाळा एक्केचाळीस, रघुजीनगर, नागपूर."

"पत्ता?" म्हातारा हसायलाच लागला. "भांड्यावर कोणी पत्ता घालते का? हे का टपाल हाय?"

"हाय," मी म्हटलं.

तो काय समजला कोण जाणे, पण हसायचा थांबला. ठक् ठक् करत त्यानं एकेक अक्षर उमटवलं, मी शेजारी उभी राहून प्रत्येक अक्षर तपासलं. पिन कोडही घालायचा होता, पण गंजाला तेवढी जागा उरली नाही.

श्रावणला सांगून मी वरची एक रिकामी पेटी खाली उतरवून घेतली. रस्त्याच्या कडेला बसून तिच्यात खाली तणस घातलं, मधे गंज ठेवला, नाव फटीतून दिसेल असा फिरवला, आणि चारी बाजूंनी, वरूनही, तणस कोंबत गेले. एका एवढ्याशा गंजासाठी अर्धा भारा संपला. मग पेटी दोन्ही हातांनी उचलली, कानाशी धरली आणि जोरात हलवली.

आत काही वाजलं नाही.

"चल गा श्रावण," मी म्हटलं, आणि ती पेटी ठेल्यावर न ठेवता हातातच घेऊन निघाले.