नाव न घेता

मोठ्या डॉक्टरांनी टपालानं कायद्याची पदविका मिळवली आणि इस्पितळातल्या माणसांच्या मागे साडेसाती लागली. तोवर ते नुसते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि इस्पितळाचे संचालक होते, आणि तेवढं लोक सोसत होते. आता ते दरवर्षी एका दुपारी झाडूवाल्यापासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना सभागृहात कोंडायचे आणि वैद्यकीय व्यवसायातल्या कायद्याची मूलतत्त्वं समजावून सांगायचे. हजेरी सक्तीची. पाठीमागे लोक त्यांना कलमबहाद्दर म्हणत, आणि समोर माना डोलावत.

शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षाच्या सिस्टरला ते व्याख्यान तोंडपाठ झालं होतं. कुठल्या वाक्यानंतर साहेब पाणी पितात, कुठे चष्मा काढून पुसतात, हेही तिला सांगता आलं असतं. तिला स्वतःला कायद्याचं वावडं नव्हतं. पेशंटला विचारल्याशिवाय हात लावू नये, केलं ते लिहून ठेवावं, इथलं तिथं करू नये, एवढं ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाळत आली होती. त्यासाठी माइक लागतो, हे तिला इथे येऊन कळलं.

त्या दुपारी निष्काळजीपणा झाला, संमती झाली, आणि साहेब गोपनीयतेवर आले. हा त्यांचा लाडका विषय. ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्यांनी आवाज खाली आणला. माइक तोंडाशीच असल्यामुळे तो खाली आणलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचला.

"एक उदाहरण सांगतो. नाव घेणार नाही. नाव घेणं गुन्हा आहे."

मग त्यांनी सांगितलं की एक बाई आहे. गाडी चालवायला शिकवते. चांगली उंच, एका भुवईतून टाक्यांची खूण गेलेली. भल्या भल्या पुरुषांना दमात घेऊन गाडी मागे घ्यायला लावते.

लोक हसले. हसता हसता एकेकाच्या लक्षात येत गेलं तसं ते हसू ठिकठिकाणी तुटत गेलं. गावात असली बाई एकच होती आणि सभागृहातले निम्मे लोक तिच्याच हाताखाली गाडी शिकले होते. सिस्टर हसली नव्हती. ती बाई तिची वहिनी होती, थोरल्या भावाची बायको.

साहेबांना यातलं काही दिसलं नाही. श्रोत्यांकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. ते पुढे सांगत राहिले. ही बाई त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, मला मूल नको, नळ्या बांधून टाका. बाई सज्ञान, डोकं ठिकाणावर. तिची संमती पुरेशी, नवऱ्याच्या सहीची गरज नाही. त्यांनी आपल्या परगावच्या खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया करून टाकली. पुढे काही वर्षांनी नवरा आला. गाड्यांच्या काचा बसवणारा साधा माणूस. समोर बसून ढसाढसा रडला की साहेब, आमच्या घरात पाळणा का हलत नाही, माझ्या बायकोत काय दोष आहे ते तरी सांगा.

"तो रडला, मी हललो नाही. एक अक्षर बोललो नाही. आजतागायत कुणाजवळ बोललेलो नाही. याला म्हणतात गोपनीयता."

आणि टाळ्या पडल्या. काहींना कळलं नव्हतं म्हणून त्यांनी वाजवल्या, आणि काहींना कळूनही हात आवरले नाहीत, कारण साहेब थांबले की टाळ्या वाजवायच्या हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सिस्टरच्या शेजारी बसलेली रक्ततपासणीवाली आपल्या चपलेचा पट्टा निरखत बसली.

दादा रडला होता, हे सिस्टरला आत्ता कळत होतं. तेही माइकवरून.

व्याख्यान संपल्यावर ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ते खुशीत होते. उदाहरण कसं वाटलं, असं त्यांनी आपणहून विचारलं.

"सर, ती माझी वहिनी आहे. तो रडणारा माझा सख्खा भाऊ."

साहेबांचा चेहरा जरासा उतरला, पण जरासाच. मग ते म्हणाले, "मी नाव घेतलं का?"

"घ्यायला उरलं काय होतं, सर?"

त्यावर साहेबांनी तिला समजावलं की हेतू शैक्षणिक होता, तिनं भावनेच्या भरात जाऊ नये, आणि घरातलंच माणूस असल्यामुळे तिला हे ठाऊक असेल असं समजायला हरकत नव्हती. ती जायला वळली तेव्हा त्यांनी बोट वर केलं. इथे जे कानावर पडलं ते घरी बोलायचं नाही, नोकरीमुळे कळलेल्या गोष्टीचं बंधन तिच्यावरही आहे, कायदा सगळ्यांना सारखा. त्या दुपारभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य जागच्या जागी होतं, आणि ते त्यांनी तिलाच ऐकवलं होतं.

बसथांब्यावर येईपर्यंत तिच्या मनात साहेबांची जागा वहिनीनं घेतली होती. इतकी वर्षं आईनं नातवंडांची वाट बघितली. तिनं स्वतः दादाला चांगल्या डॉक्टरांचे पत्ते मिळवून दिले. वहिनी दर वेळी मुकाट्यानं बरोबर गेली, रक्ताच्या तपासण्या करवून घेतल्या आणि सगळ्यांना झुलवत ठेवलं. सिस्टरनं फोन काढला. दादाचा नंबर लावला. सख्खा भाऊ होता, त्याला कळायला हवं होतं, आणि उद्या ते रक्ततपासणीवालीच्या तोंडून कळण्यापेक्षा बहिणीकडून कळलेलं काय वाईट?

घंटा वाजायच्या आत तिनं फोन बंद केला. तिच्या अंगावर अजून गणवेश होता. साहेबांनी सभागृहात सांगितलं, ती थांब्यावरून सांगणार होती. फरक फक्त माइकचा होता, आणि आपली गणती त्या माणसाबरोबर व्हावी हे तिला नको होतं.

ती बस सोडून पायी वहिनीच्या ऑफिसात गेली. टायरच्या दुकानावरची एक खोली, टेबलावर रंगवलेला चौक, त्यावर खेळण्यातल्या गाड्या. वहिनी एका प्रौढ गृहस्थाला आधी कुणी जायचं ते समजावत होती. तो गेल्यावर सिस्टरनं दार लावलं आणि घडलं ते सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

वहिनीनं विचारलं, "तू ह्यांना सांगितलंस?"

"नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही."

"रागावली आहेस ना माझ्यावर?"

"आहे."

वहिनीनं मान हलवली, जणू ते तिला मान्यच होतं. मग ती सांगू लागली. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावंडांचं सगळं तिनंच केलं होतं. पुन्हा ते नको, हे तिनं लग्न ठरायच्या आधी दादाला स्वच्छ सांगितलं होतं. तो हसला होता. लग्नानंतरही दोनदा सांगितलं, तेव्हाही हसला. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही, जाऊन शस्त्रक्रिया करून आली. ते लपवलं, हे तिचं चुकलंच.

"पण ह्यांनी मला कधी विचारलं नाही गं. जाऊन डॉक्टरला विचारलं."

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याला स्वतः सांगितलं, गावानं सांगायच्या आत. तो कपड्यांची बॅग घेऊन आईकडे गेला. आईनं त्याला जेवायला वाढलं आणि सुनेचा उद्धार केला. सिस्टर तिथे गेली तेव्हा दादानं तिच्यावरच तोंड टाकलं, तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस म्हणून. तिनं फक्त एवढंच विचारलं, लग्नाआधी वहिनी काही बोलली होती का?

"बोलली होती. पण मुली बोलतात गं असं."

आपल्या भावाची तिला कीव आली, आणि थोडी किळसही. केबिनमधला माणूस आणि हा, दोघांनीही बाईचं बोलणं ऐकून घेतलं होतं, आणि दोघांनाही ते आपल्या सोयीनं वापरता आलं होतं.

वहिनीनं वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. सिस्टरनं साक्ष दिली. साहेब आपली बाजू स्वतःच मांडत होते, पदविका होतीच. प्रत्येक वाक्यागणिक ते सांगत होते की मी नाव घेतलं नाही. परिषदेच्या चौकशी समितीच्या अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी इस्पितळातल्या प्रत्येक साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला, साहेब कुणाबद्दल बोलत आहेत असं तुम्हाला वाटलं? सगळ्यांनी वहिनीचं नाव सांगितलं. एक नवा कंपाउंडर तेवढा म्हणाला की कळलं नाही, पण तो गावात नुकताच आला होता आणि सायकलवरून फिरत होता.

साहेबांचा परवाना काही महिन्यांसाठी गेला आणि लेखी माफी मागायचा हुकूम झाला. माफीत त्यांनी लिहिलं की कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास ते दिलगीर आहेत. वहिनीनं कागद परत पाठवला. भावनांचं मी बघून घेईन, तुम्ही काय केलंत ते लिहा, असा निरोप दिला. ते दुसऱ्यांदा लिहायला त्यांना बराच वेळ लागला. इकडे सिस्टरची बदली तळमजल्यावर जखमा बांधायच्या खोलीत झाली. कारण दिलं नाही, तिनं विचारलंही नाही. प्रशासकीय कारण म्हणजे काय असतं ते तिला ठाऊक होतं.

दादा उन्हाळा संपता संपता उरलेले कपडे न्यायला घरी गेला आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, म्हणे पाना राहिला होता. मग आईकडे कमी दिसू लागला. दोघांत काय बोलणं झालं, मूल दत्तक घ्यायचं ठरलं की वेगळं व्हायचं की नुसतंच एका छपराखाली राहायचं, हे सिस्टरला कळलं नाही. आई रोज विचारायची. वहिनी आपणहून काही सांगत नव्हती.

एकदा रक्ततपासणीवाली जेवणाचा डबा घेऊन तळमजल्यावर आली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, साहेबांचं वागणं शोभलं नाहीच, पण वहिनीचं पुढे काय झालं? राहतात का दोघं एकत्र?

सिस्टर पट्टीची गुंडाळी वळत होती, तिनं ती पुरी वळली.

"तिचा वर्ग सकाळी असतो," ती म्हणाली. "जा आणि तिलाच विचार."