सुकी गाठ

म्हातारा फिटर खोटं बोलला की त्याचा उजवा कान लाल व्हायचा. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला सोडून. त्यामुळे रविवारी सकाळी तळ्याच्या काठावर तो सुनेला म्हणाला, "आज चमचाच लाव," तेव्हा तिने आधी पाण्याकडे पाहिलं आणि मग कानाकडे. पाणी चहासारखं गढूळ होतं.

चमचा म्हणजे गळ लावलेला चकचकीत पत्रा. पाण्यातून ओढला की लहान माशासारखा लखलखतो, आणि मोठा मासा त्याला भुलतो.

"गढूळ पाण्यात चमचा, बाबा? तुम्हीच तर शिकवलंत. नितळ पाण्यात चमकणारा, गढूळ पाण्यात काळा, मोठा, आवाज करणारा. माशाला दिसत नाही, ऐकू येतं."

"नियम काय दर वेळी चालतात?"

"असं कधीपासून?"

फिटरचा कान आणखी लाल झाला. आवाज करणारा खोटा मासा पेटीत एकच होता. सगळ्यात खालच्या कप्प्यात, पिवळ्या फडक्यात. वीतभर लाकडाचा, काळा, पोटात छर्रे खुळखुळणारा. फिटरच्या मुलाने तो कोरला होता. एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट, कारण रंगवताना त्याला हसू आवरत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मुलगा दोन दिवसांच्या तापात गेला. त्यानंतर त्या लाकडाला पाणी लागलं नव्हतं. फिटर दर रविवारी फडकं उघडायचा, बघायचा, पुन्हा गुंडाळायचा. पोराच्या हातचं घरात दुसरं काही नव्हतं. पोरगा एक नंबरचा आळशी, हे फिटरही कबूल करायचा.

सून नर्स होती. तिची बदली झाली होती, उद्या निघायचं होतं. या तळ्यात माणसाच्या मांडीएवढा एक मासा होता. सगळे त्याला हेडमास्तर म्हणत. त्याला याच काळ्या माशावर धरायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. ते राहून गेलं होतं.

 ती दोन तास चमचा फेकत राहिली. हाती काही लागलं नाही, लागणार नव्हतंच. नर्सला वाट बघायची सवय असते.

दहाच्या सुमारास फिटरने स्वतःच फडकं उघडलं.

"फेक तू," तो म्हणाला. "पण गाठ मी मारणार."

तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीची, गाठ आवळण्याआधी तोंडात धरून थुंकीने ओली करायची असते. सुकी आवळली की तंगूस घासून आतून जळतो, वरून काही कळत नाही. हे त्याने सुनेला पन्नासदा सांगितलं होतं. आज त्याने गाठ ओठांपर्यंत नेली, समोर तो वेडावाकडा डोळा आला, आणि त्याने हात खाली घेतला. पोराच्या वस्तूला थुंकी लावायचं त्याच्या जिवावर आलं. गाठ तशीच आवळली. सून तेव्हा रीळ तपासत होती.

चौथ्या फेकीला हेडमास्तर आला. काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळलं, सूनही किंचाळली. "सैल सोड, सैल!" फिटर ओरडत होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता. मग काठी एकदम सरळ झाली.

सुनेने तंगूस गुंडाळून घेतला. काळा मासा गेला होता, आणि टोक कुरळं झालं होतं. घासून तुटलेलं टोक खरबरीत असतं, गाठीत जळून तुटलं की कुरळं. हेही त्यानेच शिकवलेलं.  तिने कात्रीने टोक छाटलं आणि काठच्या दगडांच्या कपारीत सोडून दिलं.

"बुडालेल्या झाडाला घासला, बाबा."

फिटर पाण्याकडे बघत उभा होता. 

"तिथे झाड नाहीये," तो म्हणाला.

"मग दगड असेल."

"असेल."

त्याने पेटीतून चमचा काढला, तंगूस ओवला, पाच वेढे दिले आणि गाठ तोंडात धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग सावकाश आवळली आणि काठी तिच्या हातात दिली.

"या पाण्यात चमचा चालायचा नाही," तो म्हणाला. "तरी फेक."